प्लेगच्या बंदोबस्ताचा वाद : साधनांची छाननी आणि मुळशीचा प्रश्न

१८९७ सालच्या पुण्यांतील प्लेगविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तथापि सरकारी बंदोबस्ताबद्दल त्या वेळीं जो वाद माजला, त्याचें यथार्थ स्वरूप वाचकांपुढें अद्यापि आलेलें नाहीं, असें आमचें मत आहे. रूढ कथा अशी कीं, रँड हा जुलमी अधिकारी, सर्व लोक एकमतानें त्याच्याविरुद्ध, 'केसरी' हा त्यांचा कैवारी, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्या जुलमास उत्तर मिळालें. ही कथा खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती अपुरी आहे. आणि अपुरी कथा पूर्ण म्हणून चालू लागली म्हणजे पुढील पिढ्या आपल्या काळांतील वादहि त्याच मापानें मोजूं लागतात. २०२० व २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रानें ह्याचा अनुभव घेतला आहे. सबब मूळ साधनें पुन्हा एकवार तपासून पाहणें अवश्य झालें आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. मुंबईस मांडवी भागांत सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं हा रोग प्लेगच होय असें ओळखलें. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुढील महिन्यांत पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालीं प्लेग-समिति नेमण्यांत आली, आणि मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्यांनीं पेठांतून घरझडत्या घेतल्या. रोग्यास इस्पितळांत न्यावयाचें, त्याच्या घरच्या माणसांस वेगळ्या छावणींत ठेवावयाचें, घराची जमीन उकरून औषधी पाण्यानें धुवावयाची, संशयित सामान जाळावयाचें, असा क्रम होता. २२ जूनच्या हल्ल्यांत लेफ्टनंट आयर्स्ट जागींच ठार झाला व रँड ३ जुलै रोजीं मरण पावला. एवढ्याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. दुमत आहे तें या गोष्टींच्या अर्थाविषयीं.

आतां साधनें घेऊं. पहिलें साधन वर्तमानपत्रें. 'केसरी'चे त्या सालचे अंक ओळीनें वाचणारास एक गोष्ट चटकन ध्यानांत येते. टिळकांनीं बंदोबस्तास मुळांतूनच विरोध केला नाहीं. रोग्यास वेगळें ठेवणें व इस्पितळें काढणें अवश्य आहे, हें त्यांस मान्य होतें. हिंदूंकरितां स्वतंत्र प्लेग-इस्पितळ निघालें त्यांत त्यांचा पुढाकार होता. आणि सामान्य जनांस संकटांत टाकून शहराबाहेर निघून गेलेल्या पुढाऱ्यांस त्यांनीं बोल लाविला. त्यांची तक्रार होती ती गोऱ्या शिपायांच्या हातीं काम सोंपविल्याची, देवघर व माजघर यांची पर्वा न ठेवल्याची, आणि शहरांतील जबाबदार गृहस्थांस विश्वासांत न घेतल्याची. म्हणजे 'केसरी'चा वाद बंधन असावें कीं नसावें हा नव्हे. तें कोणीं व कसें बजावावें, हा होता. टिळकांस झालेली शिक्षा प्लेगवरील टीकेबद्दल होती, असेंहि वारंवार छापलें जातें. तेंहि बरोबर नाहीं. ज्या मजकुरावर राजद्रोहाचा खटला चालला तो १५ जूनच्या अंकांतील असून शिवाजी-उत्सवासंबंधीं होता. १४ सप्टेंबर १८९७ रोजीं त्यांस अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा सांगण्यांत आली. प्लेगमुळें तापलेल्या वातावरणाचा त्या खटल्याशीं संबंध आहे, परंतु आरोपाचा मजकूर निराळा आहे. इतिहासलेखकानें या दोहोंतील भेद पुसूं नये.

दुसरें साधन सरकारी कागद. रँडच्या अहवालांत असें नमूद आहे कीं, शिपायांनीं जाणूनबुजून स्त्रियांची बेअब्रू केल्याची एकहि विश्वसनीय तक्रार समितीकडे आली नाहीं. हें विधान खोटें मानण्याचें कारण नाहीं. तें काय सिद्ध करितें एवढेंच पाहिलें पाहिजे. तक्रार ज्याच्याविरुद्ध करावयाची त्याच्याच कचेरींत जाऊन करावयाची, असा प्रकार असतां तक्रार न येणें हा कचेरीच्या दाराचा पुरावा आहे, घरांत काय घडलें त्याचा नव्हे. उलटपक्षीं बाजारांत ऐकू येणारी प्रत्येक वार्ता खरी धरणेंहि तितकेंच चुकीचें.

येथें तिसरें साधन उपयोगी पडतें. गोपाळराव गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनीं तेथें शिपायांच्या अत्याचारांची वाच्यता केली. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढें येईना, तेव्हां ऑगस्ट १८९७ मध्यें त्यांनीं जाहीर माफी मागितली. या माफीवरून पुष्कळांनीं दोन परस्परविरुद्ध अनुमानें काढिलीं आहेत. कोणी म्हणतात, सर्व आरोप बनावट ठरले. कोणी म्हणतात, गोखले डगमगले. आमच्या मतें दोन्हीं अनुमानें पुराव्याच्या पलीकडे जातात. रँडच्या खुनानंतर नातूबंधूंस १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनाखालीं चौकशीवांचून अटकेंत ठेविलें होतें, शहरांत धरपकड चालू होती. अशा वेळीं साक्षीदार पुढें आला नाहीं एवढेंच त्या माफीवरून सिद्ध होतें. याच्या जोडीस पंडिता रमाबाईंचें पत्र ठेवावें. मे १८९७ मध्यें मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत त्यांनीं आपल्या आश्रयाखालील एका मुलीची प्लेगच्या व्यवस्थेंत कशी वाताहत झाली तें लिहून सरकारास जाब विचारला. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. 'केसरी'च्या पक्षाशीं त्यांचें सख्य नव्हतेंच. विरुद्ध पक्षाच्या तोंडून आलेली तक्रार अधिक वजनाची असते, हा साक्षीपुराव्याचा सामान्य नियम येथें लागू आहे. त्याच मार्चच्या १० तारखेस प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले निवर्तल्या, हेंहि स्मरणांत ठेवावें. लोकपक्ष एकजिनसी नव्हता. त्यांत झडतीस विरोध करणारे होते, इस्पितळें चालविणारे होते, आणि घरांत रोगी लपवून ठेवणारेहि होते.

चौथें साधन दामोदर हरि चाफेकर यांचें तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्त. रूढ कथेचा हा मुख्य आधार. परंतु तें लक्षपूर्वक वाचिलें तर तीच कथा ढिली पडते. मुंबईस राणीच्या पुतळ्यास डांबर फासणें, सुधारकांवर हात टाकणें, हे उद्योग रँडची नेमणूक होण्याच्या आधींचे आहेत. प्लेगच्या जुलमानें चाफेकरबंधूंच्या रागास निमित्त व लक्ष्य पुरविलें. राग आधींच होता. त्यांच्या धैर्याविषयीं किंवा त्यागाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. मात्र त्यांचें आत्मवृत्त म्हणजे सर्व पुणेंकरांचें मत, असा अर्थ त्यांतून काढणें अशास्त्रीय होय.

चारहि साधनांचा निष्कर्ष असा कीं, त्या वादांत दोनच प्रश्न लढले गेले : बंदोबस्त असावा काय, आणि तो कोणीं बजवावा. पहिल्यावर बरेच मतैक्य होतें, दुसऱ्यावर रण माजलें. त्यांतहि मौजेची गोष्ट अशी कीं, दोन्ही पक्षांस रोगाचें खरें वाहन ठाऊक नव्हतें. यर्सिननें प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँगास शोधला होता. पण उंदरावरील पिसू हा रोग माणसापर्यंत नेते, हें सिमाँ यानें १८९८ सालीं दाखविलें, आणि शास्त्रज्ञांस तें पटण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. सक्तीनें काम होत नाहीं हें मात्र सरकारास लवकर पटलें. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईस प्लेगच्या बंदोबस्तावरून दंगा झाला, व त्यानंतर झडत्यांचा जोर उत्तरोत्तर कमी झाला. खेड्यांतील लोकांस पिसवेची विद्या नव्हती. परंतु उंदीर पडूं लागले म्हणजे गांव सोडून रानांत झोपड्या घालाव्या, ही चाल महाराष्ट्रांत पुढें सर्वत्र रूढ झाली. 'प्लेगच्या झोपड्या' हा शब्दप्रयोग वृद्धांच्या तोंडीं परवांपरवांपर्यंत होता. आजच्या ज्ञानानें पाहतां जमीन उकरण्यापेक्षां ही चालच अधिक गुणकारी ठरते.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं. बंधनाचा खर्च कोणीं सोसावा? हा प्रश्न त्या वादांत पुढें आलाच नाहीं, आणि १८९७ च्या कायद्यानेंहि त्याचें उत्तर सरकारच्या मर्जीवर सोडलें. तो कायदा मूळचा अवघ्या चार कलमांचा. सरकारनें हवे ते नियम करावे; मोडणारास शिक्षा व्हावी; आणि कायद्याप्रमाणें सद्भावनेनें वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालूं नये. खर्च व भरपाई असल्यास ती कोणीं व कशी द्यावी हें ठरविण्याची मुभा मूळ कायद्यानें सरकारास दिली; परंतु बंधनामुळें ज्याची रोजी बुडाली त्यास कांहीं दिलेंच पाहिजे, असें बंधन त्यांत नाहीं.

हा प्रश्न पुण्याच्या पेठांतून नीट दिसत नाहीं. शहराच्या पश्चिमेस मुळशीकडे उभें राहिलें म्हणजे दिसतो. मुळशी पेटा, म्हणजे आजचा मुळशी तालुका, हा मावळाचा मुलूख. भात, दूध, गवत, सरपण शहरास घालावें व हंगाम संपला म्हणजे पुण्यामुंबईस मजुरीस जावें, असा तेथील सामान्य कुणब्याचा संसार. शहराची वेस बंद झाली कीं अशा घरची चूल अडावयाची. परंतु झडतीच्या वादांत खेडें येतें तें शहरांतून पळालेल्यांचें आश्रयस्थान म्हणून. ज्याचा बाजार बंद झाला त्याचें म्हणणें म्हणून येत नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्यांच्यापाशीं छापखाना होता त्यांचें माजघर इतिहासांत आलें. ज्यांच्यापाशीं नव्हता त्यांची चूल आली नाहीं. त्याच मुळशीचा आवाज पुढें १६ एप्रिल १९२१ पासून टाटांच्या धरणाविरुद्ध झालेल्या सत्याग्रहांत स्पष्ट ऐकू येतो. कारण त्या वेळीं सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे लिहिते पुढारी त्या लढ्यांत होते. मावळ्यांस १८९७ सालीं कांहीं म्हणावयाचें नव्हतें असें नव्हे. तें टिपणारा कोणी नव्हता.

ही केवळ जुन्या काळची चर्चा असती तर आम्ही येथेंच थांबलों असतों. परंतु ९ मार्च २०२० रोजीं पुण्यास कोरोनाचे पहिले रोगी सांपडले, आणि १३ मार्च रोजीं महाराष्ट्र सरकारनें तोच १८९७ चा कायदा लागू केला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. पुढें जे वाद झाले ते सर्वांच्या स्मरणांत आहेत. जून २०२० मध्यें पालख्या पायीं न जातां बसनें पंढरपुरास गेल्या. देवळें उघडण्यावरून ऑक्टोबर २०२० मध्यें राज्यपाल व मुख्यमंत्री यांच्यांत पत्रापत्री झाली व १६ नोव्हेंबर रोजीं तीं उघडलीं. एप्रिल २०२१ मध्यें दुकानें बंद करण्याच्या हुकुमास पुण्याच्या व्यापाऱ्यांनीं हरकत घेतली. या वादांत अनेकांनीं रँडचें नांव घेतलें. आमच्या मतें तें साम्य वरवरचें होय. घरांत शिरणारे परके शिपाई येथें नव्हते. सरकार लोकांनीं निवडलेलें होतें. खरें साम्य आहे तें निराळ्याच ठिकाणीं, आणि तें मुळशींत पाहावयास मिळतें.

हिंजवडी ही मुळशी तालुक्यांतच आहे. तेथील संगणक-कंपन्यांतील नोकरांस घरीं बसून काम करितां आलें. परंतु त्यांच्या मोटारी हांकणारे, उपाहारगृहांत रांधणारे, कचेऱ्या झाडणाऱ्या बाया, आणि माण-हिंजवडीकडे खोल्या भाड्यानें देणारे, यांचें काम घरीं नेतां येण्यासारखें नव्हतें. २०२१ च्या पावसाळ्यांत जिल्हाधिकाऱ्यांनीं मुळशी, मावळ, हवेली इत्यादि तालुक्यांतील पर्यटनस्थळीं जमावबंदी केली. शहरांतील माणसाची त्यांत एक सहल बुडाली. ताम्हिणीच्या वाटेवर कणसें भाजून विकणाराचा वर्षाचा हंगाम बुडाला. एकच हुकूम, पण भार सारखा नाहीं. पहिल्या दोन प्रश्नांवर कितीहि वाद घातला तरी हा भेद त्यांत उमटत नाहीं.

आणखी एक गोष्ट रूढ कथेस अडचणीची आहे. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील कित्येक गांवांनीं सरकारी हुकुमाची वाट न पाहतां वेशीवर ओंडके व कांटे टाकून रस्ते अडविले. हें बंधन परक्यांनीं लादलेलें नव्हतें. गांवानें स्वतः घातलेलें होतें. तरी त्याचाहि भार दुबळ्यावरच पडला. पुण्यामुंबईचें काम बंद पडल्यामुळें परत आलेला त्याच गांवचा मजूर वेशीबाहेर किंवा शाळेच्या खोलींत राहिला. यावरून असें ठरतें कीं, बंधन आपल्या माणसांनीं घातलें एवढ्यानें तें न्याय्य होत नाहीं. आणि परक्यानें घातलें तेव्हां अन्याय फक्त परकेपणाचाच होता असेंहि नाहीं. १८९७ च्या वादानें आपणांस दुसरा प्रश्न विचारण्याची संवय लाविली. तिसरा विचारण्याची लाविली नाहीं. तो विचारला गेला नाहीं म्हणूनच तोच कायदा, त्याच उणिवेसह, सुमारें सवाशें वर्षांनीं पुन्हा हातीं घ्यावा लागला. २०२० सालीं त्यांत दुरुस्ती झाली ती मुख्यतः आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसंबंधीं; बुडालेल्या रोजीचा विचार तींतहि नाहीं.

यावर इतिहासाच्या अभ्यासकानें काय करावें? कायदा करणें हें त्याचें काम नव्हे. पुरावा राखणें हें आहे. मुळशीच्या बाबतींत १८९७ चा पुरावा गेला तो गेला. २०२० चा अद्यापि हातीं लागण्यासारखा आहे, परंतु फार दिवस राहणार नाहीं. ग्रामपंचायतींचे ठराव, वेशीवर लाविलेल्या पाट्या, प्रवासाचे परवाने, स्वस्त धान्याच्या दुकानांच्या वह्या, आशा-सेविकांच्या घरोघर फिरून केलेल्या नोंदी, दूध-संकलनाचे हिशेब, खाणावळींच्या उधाऱ्या, हे कागद आज कोणास मोलाचे वाटत नाहींत, आणि रद्दींत जात आहेत. पेशवाईच्या रुमालांतील एका ओळीच्या यादीसाठीं आपण मैलोगणती पायपीट करितों. तितकीच निगा या कागदांस मिळाली पाहिजे. पौड, पिरंगुट, माण व खोऱ्यांतील वाड्या येथील शिक्षकांनीं व तरुण अभ्यासकांनीं आपापल्या गांवचे असे कागद, निदान त्यांच्या नकला, जमवून तारीखवार लावाव्या, व ज्यांनीं ते दिवस सोसले त्यांच्या जबान्या नांवनिशी न छापतां टिपून ठेवाव्या, अशी आमची त्यांस विनंति आहे. बंधनें योग्य होतीं कीं अयोग्य, याचा निवाडा पुढील लोक करतील. तो करितांना त्यांच्यापुढें केवळ सरकारी अहवाल व शहरांतील वर्तमानपत्रें एवढेंच नसावें.