फोक्सवॅगनची पोथी आणि तिच्यात नसलेला अध्याय

आपल्या मंडळाच्या पुरवणीत आजवर कादंबऱ्यांची, नाटकांची, आत्मचरित्रांची परीक्षणे पुष्कळ आली. ज्या पुस्तकाच्या पानापानावर ग्रीसचे अंगठे उमटलेले असतात, अशा पुस्तकाचे परीक्षण मात्र माझ्या पाहण्यात नाही. 'अहो, ते काय पुस्तक आहे? ते तर मॅन्युअल!' असे कोणी म्हणेल. पण गाडी-दुरुस्तीचे पुस्तक हा लेखनाचा अतिशय अवघड प्रकार आहे, असे माझे मत आहे. कादंबरीतली ओळ फसली तर वाचक जांभई देतो. इथे ओळ फसली तर तो फ्रीवेवर ब्रेक दाबतो आणि पेडल तळाला जाते.

आमच्या गराजमध्ये १९७२ ची साधी बीटल आहे. (मंडळाच्या पिकनिकला ती नेली की सगळे तिच्याबद्दलचे प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारतात. तो बिचारा माझ्याकडे बोट दाखवून पोहे आणायला जातो.) तिच्या शेजारच्या फळीवर तीन पुस्तके आहेत. एक कारखान्याचे अधिकृत सर्व्हिस मॅन्युअल, जे इथे बेंटले या प्रकाशकाने काढले. दुसरे हेन्सचे. तिसरे जॉन म्यूरचे 'हाऊ टू कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह'. आज लिहायचे आहे ते मुख्यतः या तिसऱ्याबद्दल.

हा म्यूर म्हणजे योसेमिटीच्या जंगलांसाठी झगडणारा प्रसिद्ध म्यूर नव्हे. हा इंजिनिअर होता, नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत येऊन राहिला आणि १९६९ साली त्याने हे पुस्तक स्वतःच छापले. उपशीर्षकात त्याने 'कंप्लीट इडियट'साठी असे म्हटले आहे, आणि 'कंप्लीट'चे स्पेलिंग मुद्दाम सतराव्या शतकातले वापरले आहे. चित्रे पीटर ॲश्वांडेनची. म्यूर १९७७ साली गेला, पण पुस्तकाच्या आवृत्त्या निघतच राहिल्या.

त्याचे पहिले मोठेपण मांडणीत आहे. कारखान्याचे पुस्तक गाडीच्या अवयवांप्रमाणे लावलेले आहे: इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा ॲक्सल, ब्रेक. ज्याला दुखणे कुठे आहे ते आधीच माहीत आहे, त्याच्यासाठी ही रचना उत्तम. पण सामान्य माणसाला अवयव कुठे ठाऊक असतो? त्याला एवढेच कळते की गाडी सुरू होत नाही, किंवा लाल दिवा लागला, किंवा कुठूनतरी खरखर येते. म्यूरने प्रकरणे या तक्रारींवर बेतली. आजीच्या बटव्याचा क्रम असतो तसा: आधी 'पोटात दुखते', मग औषध. लाल दिव्याचेच पाहा. आपल्या टोयोटा-होंडात बॅटरीचा दिवा लागला तर आपण घरापर्यंत गाडी रेटतो. बीटलमध्ये इंजिन थंड करणारा पंखा जनरेटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो आणि दोन्ही एकाच पट्ट्याने फिरतात. पाणी नाही, रेडिएटर नाही. पट्टा तुटला की पंखा थांबतो, आणि तशीच गाडी हाकली तर थोड्या मैलांत इंजिन भाजून निघते. म्यूर हे वाचकाच्या मनावर असे ठसवतो की दिवा दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. कारखान्याच्या पुस्तकात ही माहिती आहे, पण तिच्यात घाई नाही.

त्याचे दुसरे मोठेपण ॲश्वांडेनच्या रेखाटनांचे. हेन्समधले फोटो म्हणजे करड्या पार्श्वभूमीवर करडे लोखंड. त्यात बाणाने दाखवलेला बोल्ट शोधताना मला लहानपणी पाहिलेल्या एक्स-रे फिल्म आठवतात. रेखाटन करणारा नको ते वगळू शकतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही.

आता म्यूरच्या त्या प्रसिद्ध अध्यात्माबद्दल. गाडीशी बोला, मग गप्प बसून तिचे ऐका, तिचे कर्म तुमच्या इच्छेवर अवलंबून आहे, अशा अर्थाचे तो लिहितो. साठीच्या दशकातल्या अमेरिकेत 'कर्म' हा शब्द धण्याजिऱ्यासारखा कशातही घालत. आपण मराठी माणसे या शब्दाबाबत जरा काटेकोर. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग आपल्याला लहानपणीच ऐकून माहीत असतात, आणि जुन्या गाडीला ते म्यूरला वाटले त्यापेक्षा जास्त चपखल बसतात. आधीच्या चार मालकांनी जे करून ठेवले ते संचित. त्यातले जे आज रस्त्यावर फळाला आले ते प्रारब्ध. आणि शनिवारी सकाळी पाना घेऊन आपण जे करतो ते क्रियमाण. म्यूरचे सगळे लक्ष या तिसऱ्यावर आहे.

हेन्सवर अन्याय नको. जॉन हेन्स या इंग्रज मुलाने १९५६ साली, शाळेत असतानाच, ऑस्टिन सेव्हनवर एक पुस्तिका काढली. पुढे एअर फोर्समध्ये एडनला असताना सहकाऱ्याची स्प्राइट खोलून जोडताना त्याने पायरीपायरीला फोटो काढवले, आणि त्यातून त्याच्या मॅन्युअलची पद्धत जन्मली: गाडी खरोखर खोला, खरोखर जोडा, मगच लिहा. ही शिस्त मला मान्य आहे. आक्षेप आहे तो 'जोडणी म्हणजे खोलणीच्या उलट क्रम' या त्याच्या ठरीव तोडग्याला. माझी डॉक्टरेट धातूंच्या थकव्यावर आहे, आणि खोलणे व जोडणे यांत सममिती नसते एवढे तरी मी नक्की सांगू शकते. बोल्ट काढताना तो निघाला की काम झाले. बसवताना किती ताणायचा हा वेगळाच प्रश्न असतो. बीटलच्या मागच्या ॲक्सलचे नट २१७ फूट-पौंडांना आवळायचे असते. एवढा मोठा टॉर्क-रेंच घरी कोणाकडे असणार? दांडा आडवा धरून ७० किलोच्या माणसाने मध्यापासून साधारण ४३ सेंटिमीटरवर उभे राहायचे, की तो हिशेब जमतो. असा हिशेब वाचकाच्या हाती देणारे पुस्तक मला हवे असते. २०२० मध्ये हेन्सने नव्या गाड्यांची छापील मॅन्युअल काढणे थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा मला वाईटच वाटले.

रॉबर्ट पिर्सिगच्या १९७४ च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'बद्दल एकच सांगते, कारण या विषयावर बोलले की कोणीतरी ते पुस्तक काढतेच. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल झालेले असते, निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून पाचर घालायला सुचवतो, आणि मित्र दुखावतो. पाचर म्हणून तो पत्रा उत्कृष्ट, पण मित्राला ते दिसत नाही. त्याला डबा दिसतो. म्यूर, हेन्स आणि कारखाना, तिघांच्याही लेखनातली खरी फट इथेच आहे. वस्तू कशाची आहे, कुठून आली, आणि पुस्तकात जिच्याविषयी लिहिले आहे ती हीच का, हा प्रश्न त्यांच्या पानांवर नाही. 'नवा पार्ट बसवा' एवढे लिहून ते पुढे जातात.

म्यूर लिहीत होता तेव्हा हे चालण्यासारखे होते. फोक्सवॅगनचा डीलर गावोगावी होता, काउंटरवरून डबी यायची, डबीत जर्मनीत तपासलेली वस्तू असायची. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. जर्मनीत बीटल बनणे जानेवारी १९७८ मध्ये थांबले. मेक्सिकोत प्वेब्लाच्या कारखान्यात ती ३० जुलै २००३ पर्यंत बनत राहिली. ब्राझीलमध्ये १९८६ ला बंद पडून १९९३ ते १९९६ पुन्हा बनली. दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या निघालेल्या असल्याने पार्ट आजही मिळतात, पण जर्मनीच्या जुन्या साठ्यातून, ब्राझीलहून, मेक्सिकोहून, तैवानहून, चीनहून. सोलेक्सच्या कार्ब्युरेटरवर ब्राझीलचे 'ब्रोसोल' किंवा मेक्सिकोचे 'बोकार' असे नाव असू शकते. आकार तोच, पण आतला जेट पुस्तकातल्या मापाचा असेलच असे नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला सरळ व्हर्जनचा घोळ म्हणतात: कागदपत्रे एका व्हर्जनची, मशीनवर चालते दुसरेच, आणि दोघांवर नाव एकच.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण कंडेन्सरचे. पॉइंट उघडताना ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून हा छोटा डबा डिस्ट्रिब्यूटरला लावलेला असतो. ट्यून-अप करताना पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला, हा जुना सल्ला तेव्हा शहाणपणाचा होता. आज तो पाळणे म्हणजे तीस वर्षे बिनतक्रार चाललेली चांगली वस्तू काढून तीन आठवडे टिकणारी बसवणे होऊ शकते. मला दोनदा तसे मिळाले आहेत. पुस्तकातले अक्षर बदललेले नाही, पण त्याचा अर्थ उलटा झाला आहे. तेलाचेही तसेच. या इंजिनाच्या कॅमला जस्त असलेले तेल लागते, आणि नव्या तेलांतले जस्त कमी होत गेले. पेट्रोलच्या नळीबाबत तर म्यूरकडून अपेक्षाच करता येत नाही. त्याच्या पेट्रोलात शिसे होते, आजच्यात बहुतेक सगळीकडे दहा टक्के इथेनॉल असते आणि जुन्या पद्धतीचे रबर त्याने कुजते. बीटलची टाकी पुढे, इंजिन मागे, आणि नळी संपते ती ठिणग्या उडणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या शेजारी. इंजिनाच्या खोलीत मी '३०आर९' असे छापलेली नळीच वापरते.

दोन वर्षांपूर्वी ब्रेकच्या चारही रबरी नळ्या बदलायच्या होत्या. जुन्या नळ्या आतून फुगतात, पेडल सोडले तरी दाब परत येत नाही आणि चाक धरून राहते. परदेशातल्या एका विक्रेत्याने 'जर्मन' म्हणून पाठवलेल्या नळ्या आल्या त्या कोऱ्या करकरीत, सुबक, आणि त्यांवर एक अक्षर नाही. इथल्या कायद्याप्रमाणे ब्रेकच्या नळीवर 'डीओटी' ही खूण, बनवणाऱ्याचे चिन्ह, तारीख आणि माप असावेच लागते. मी त्या बसवल्या नाहीत. विक्रेत्याला विचारले की रबर कोणते आहे? उत्तर आले की 'शंभर टक्के फिट होते.' गाडीत माझी सोळा वर्षांची मुलगी बसते आणि आता ती चालवायलाही शिकते आहे. फिट होते हे मला दिसत होतेच.

या बाबतीत तिन्ही पुस्तकांपेक्षा उपयोगी मजकूर म्हणजे फोक्सवॅगनचा पार्ट नंबर. ११३ ६११ ०१५ घ्या. पहिले तीन आकडे गाडीचे. मधल्या तिनांतला पहिला आकडा विभागाचा: १ म्हणजे इंजिन, ६ म्हणजे चाके आणि ब्रेक, ९ म्हणजे वीज. म्हणून हा मास्टर सिलिंडर. पण त्यामागून येणारी अक्षरे वाचली नाहीत तर साध्या बीटलऐवजी सुपर बीटलचा येतो आणि बसत नाही. ज्याने ही पद्धत आखली त्याला मी मनोमन नमस्कार करते. पण नंबर वस्तूचा आकार सांगतो, ती कोणी आणि कशाची बनवली ते सांगत नाही, आणि नक्कल करणारे नंबर मात्र हुबेहूब छापतात.

जकातीचा अध्यायही कुणी लिहिलेला नाही. २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल जकातीशिवाय येई, म्हणून जर्मनीहून चाळीस डॉलरची सीलची पिशवी मागवणे परवडे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ रोजी थांबवली गेली, आणि त्या सुमारास अनेक देशांच्या टपालखात्यांनी अमेरिकेची पार्सले घेणेच काही काळ बंद ठेवले. आपल्या लोकांचा यावरचा उपाय ठरलेला: येणाऱ्याजाणाऱ्याची बॅग. माझ्या एका मावसभावाने पुण्याहून मोठ्या प्रेमाने विचारले, 'ताई, चाकणला फोक्सवॅगनचाच कारखाना आहे, तिथून आणू का?' चाकणचा कारखाना २००९ चा, बीटलचे एक वायसरही तिथे मिळायचे नाही, पण त्याच्या प्रश्नातले तर्कशास्त्र आणि म्यूरचे तर्कशास्त्र एकच आहे: नाव फोक्सवॅगनचे म्हणजे वस्तू फोक्सवॅगनची.

तरी कोणी बीटल घेत असेल तर पहिले पुस्तक म्हणून मी म्यूरच सांगेन. टॅपेट सेट करायला (गाडी पूर्ण थंड, फट ०.००६ इंच, दर तीन हजार मैलांनी) त्याच्यासारखा सोबती नाही. आकड्यांसाठी बेंटले जवळ ठेवा. ब्रेक, पेट्रोल आणि ठिणगी या तीन विषयांत मात्र पुस्तकातला 'नवा' हा शब्द दिसला की पेन्सिल काढा आणि समासात लिहा: कोणी बनवला, खूण काय, कुठून घेतला, किती मैल चालला. माझ्या प्रतीत ब्रेकच्या पानांवर आता छापील ओळींइतकीच पेन्सिल झाली आहे. पुढच्या महिन्यात मागच्या चाकांचे सिलिंडर बदलायचे आहेत. तीन ठिकाणी विचारले. आतले रबर कशाचे ते एकानेच सांगितले, ब्राझीलच्या. त्याचेच मागवले आहेत.