प्रच्छन्न विभंग : खूण आणि अर्थ

उष्णोदकाच्या प्रदेशांत भूमीखाली दडलेले विभंग शोधण्यासाठी सुदूर संवेदन आणि मृदावायूंचे मापन ही दोन साधने आज एकत्र वापरली जातात. या पद्धतीची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि तिच्या निष्कर्षांची भाषा तपासून पाहणे अगत्याचे आहे. विभंग म्हणजे नुसता तडा नव्हे. तड्याच्या दोन्ही बाजूंचे खडक परस्परसापेक्ष सरकले असतील, तरच त्यास विभंग म्हणावयाचे. हे सरकणे ही साधने दाखवितात काय?

उपग्रहचित्रात क्वचित डोंगरधार तुटून सरकलेली दिसते. एरवी दिसते ती केवळ सरळ रेषा. तळोजा परिसराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरेल. जे. बी. ऑडन यांनी १९४९ साली वर्णिलेले ‘पनवेल फ्लेक्शर’, म्हणजे दख्खनच्या बेसाल्ट थरांची पश्चिमेकडे झुकलेली वाकण, याच भागातील. वाकलेल्या थरांत तडे असण्याचा संभव मोठा. परंतु खाडीचा गाळ, औद्योगिक वसाहतीचा भराव, रस्ते आणि लोहमार्ग यांनी तेथील मूळ भूमी बरीच झाकली आहे. अशा ठिकाणी चित्रातील सरळ रेषा निसर्गाची की मनुष्याची, हाच पहिला प्रश्न होय. उष्णतेच्या नोंदीही पुरेशा सूक्ष्म नसतात. लँडसॅट-८ च्या औष्णिक संवेदकाचा एक चौकोन १०० मीटरांचा. लहानसे कुंड त्यात हरवून जाते.

येथे वायूची साक्ष मोलाची ठरते. रेडॉनचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवस. खोलवरून तो टिकून वर यावयाचा, तर मोकळी फट आणि कार्बन डायऑक्साइडसारखा वाहक वायू हवा. म्हणून एखाद्या पट्ट्यात त्याचे प्रमाण एकाएकी वाढलेले आढळल्यास फटीचे अनुमान करता येते. मात्र खाडीकाठच्या चिखलात कुजणारे द्रव्यही कार्बन डायऑक्साइड देते. पावसाने भिजलेली माती वायू कोंडून ठेवते. आणि कॅल्साइटने बुजलेला खरा विभंग मुकाच राहतो. सारांश, वायू फटीची वार्ता देतो, सरकण्याची नव्हे.

याबाबतीत कोकणातील ग्रामनामे अधिक संयमी आहेत. रायगडातील उन्हेरे आणि रत्नागिरीतील उन्हवरे या नावांत संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’ यांचा वारसा स्पष्ट दिसतो. लोकांस ऊन पाणी आढळले, त्यांनी त्याचेच नाव ठेविले. खाली काय घडले, याविषयी त्या नावांनी काहीच प्रतिपादिले नाही.

संशोधकानेही हीच शिस्त पाळावी. चित्रातील रेषेस ‘रेखीय खूण’ म्हणावे; तिच्यावर वायूचे प्रमाण वारंवार, निरनिराळ्या ऋतूंत वाढलेले आढळल्यास ‘वायुवाहक फट’ म्हणावे; आणि थरांचे सरकणे प्रत्यक्ष निरीक्षणाने अथवा वेधनाने सिद्ध झाल्यावरच ‘विभंग’ हा शब्द योजावा. नकाशावर एकदा उमटलेला शब्द पुढे पुरावा म्हणून वाचला जातो, आणि त्याच्या भरवशावर खर्चाचे बोअर घेतले जाते. यास्तव हा काटेकोरपणा शास्त्राचाच भाग मानला पाहिजे.