दोन खोटीं मरणें

एकांकिकेला वेळ थोडा, म्हणून तिच्यांतील पात्रांनीं मनांतलें सारें भराभर बोलून टाकावें, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो किती फसवा आहे हें पाहावयाचें असेल, तर सेराफीन व होआकीन आल्वारेझ किंतेरो ह्या स्पॅनिश नाटककार-बंधूंची १९०५ सालची ‘मान्याना दे सोल’, म्हणजे ‘उन्हाची सकाळ’, ही छोटीशी एकांकिका वाचावी. इंग्रजी भाषांतरामुळें ती आपल्या वाचकांनाही सुलभ झाली आहे.

माद्रिद शहरांतील एका बागेंत सत्तरीच्या घरांतली दोन्या लाउरा पाखरांना पावाचा चुरा घालीत बसली आहे. पाय ओढीत चालणारे, तिच्याच वयाचे दॉन गोन्झालो तेथें येतात. त्यांचा नेहमींचा बाक पाद्र्यांनीं अडविला आहे, म्हणून ते नाइलाजानें तिच्या बाकावर बसतात. पाखरें उडालीं म्हणून भांडण होतें, आणि तपकिरीच्या एका चिमटीनें तें मिटतें. पुढें गोष्ट निघते ती व्हॅलेन्शियाजवळच्या एका बंगल्याची, तेथील एका सुंदर मुलीची, आणि तिच्या खिडकीखालून रोज फुलें टाकीत जाणाऱ्या एका घोडेस्वाराची. प्रतिस्पर्ध्याशीं द्वंद्व झालें, तरुणाला पळावें लागलें आणि ताटातूट झाली. ती मुलगी म्हणजे लाउरा आणि तो स्वार म्हणजे गोन्झालो, हें दोघांनाही उमगतें. पण लाउरा म्हणते, ‘मी तिची मैत्रीण’. गोन्झालो म्हणतात, ‘मी त्याचा चुलतभाऊ.’ तो आफ्रिकेंत लढतांना मेला, असें ते सांगतात. ती समुद्रांत बुडून गेली, असें ही सांगते. खरी हकीकत स्वगतांतून आपल्याला कळते: तीन महिन्यांतच तो एका नर्तकीबरोबर पॅरिसला गेला होता, आणि दोन वर्षांनीं हिनें लग्न केलें होतें.

मीं वर्गांत ही एकांकिका अनेक वर्षें एक गंमत म्हणून शिकविली. चष्म्यावर आणखी भिंग धरून वाचणारे म्हातारे पाहून मुलें हंसत, मीही हंसें. पन्नाशी उलटल्यावर मात्र एक साधी गोष्ट ध्यानांत आली. ह्या थापांनीं कोणीच फसत नाहीं. जो मेला म्हणून सांगितला तो शेजारीं बसला आहे. जी बुडाली ती समोर बोलते आहे. दोघांनींही एकमेकांचें खोटें तत्काळ ओळखलें आहे, आणि तें उघडें पाडण्याचें दोघेंही टाळतात.

कां टाळतात? आपण आतां कुरूप झालों, जुनें चित्रच दुसऱ्याच्या मनांत राहूं द्यावें, असें कारण तीं स्वतःशीं देतात. मला तें अपुरें वाटतें. सुरकुत्या तर दोघांनाही दिसतच आहेत. ओळख दिली असती तर मधल्या पन्नास वर्षांचा हिशेब द्यावा लागला असता. नर्तकी सांगावी लागली असती, लग्न सांगावें लागलें असतें. लपवावयाचें आहे तें वार्धक्य नव्हे. विरहानंतरही आपण सुखानें जगलों, ही लाज. म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याला एक सुंदर मरण अर्पण करतो. तेव्हां जी निष्ठा पाळतां आली नाहीं, तिची ही उशिरा दिलेली भेट आहे.

येथें भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक सहज आठवतो. तेथेंही बारा वर्षांनीं सीता रामाजवळ उभी आहे आणि राम तिला पाहूं शकत नाहीं. पण भागीरथीच्या वरानें अदृश्य झालेल्या त्या सीतेच्या कानीं पडतें तें सत्य असतें. अश्वमेधांत सहधर्मचारिणी म्हणून रामानें तिचीच सुवर्णप्रतिमा ठेविली आहे, हें ऐकून तिचें शल्य निघतें. माद्रिदच्या ह्या बाकावर दोघांपैकीं कोणाजवळही तशी सुवर्णप्रतिमा नाहीं. म्हणून बोलतां बोलतां ती घडवावी लागते. भवभूतीचें दुःख मोठें आहे, ह्यांत शंका नाहीं. पण ज्यांना राम-सीतेची निष्ठा साधली नाहीं अशा सामान्य माणसांची बाजू किंतेरो-बंधूंनीं घेतली, हें त्यांचें श्रेय आहे.

दोष नाहीं असें नव्हे. स्वगतें फार आहेत. शेवटीं निरोप घेतांना दोघांच्याही तोंडीं आपल्या मौनाचें कारण घातलें आहे, तेथें लेखकांचा नटांवरील विश्वास उणा पडला. जें प्रेक्षकानें ओळखलें आहे तें त्याला पुन्हां सांगणें म्हणजे त्याच्या हातचें काढून घेणें होय. त्याच प्रसंगीं लाउराच्या हातून फुलें पडतात आणि गोन्झालो कष्टानें वांकून तीं उचलतात. एवढी एक कृति पुरेशी होती. ही एकांकिका रंगभूमीवर आणणाऱ्या हौशी मंडळींनीं ती कृति घाईनें उरकूं नये, इतकीच सूचना करावीशी वाटते.

उद्यां पुन्हां ह्याच बाकावर भेटण्याचें ठरवून तीं निघतात. दोघांचींही मरणें सांगून झालीं आहेत. आतां तीं एकमेकांना भेटावयास मोकळीं आहेत.