'युकिगुनी'तील रियोकान : एक पुनर्विचार

जपानमधील परंपरागत अतिथिगृहास 'रियोकान' म्हणतात. उंची रियोकानातील ऐश्वर्य प्रथमदर्शनी ऐश्वर्य वाटतच नाही. तातामीच्या गवती चटया अंथरलेली, जवळजवळ रिकामी खोली. भिंतीतील कोनाड्यात एक चित्र आणि एखादे फूल. जवळच ऊन पाण्याचे कुंड. पादत्राणे दारातच उतरवायची. भोजन खोलीत येते आणि ते आटोपले की त्याच जागी गादी अंथरली जाते. पाहुण्याला काही मागावे लागत नाही. तेथील श्रीमंती आहे ती कष्ट दिसू न देण्यात.

यासुनारी कावाबाता यांची 'युकिगुनी', म्हणजे 'हिमप्रदेश', ही कादंबरी अशाच एका अतिथिगृहाभोवती फिरते. 1935 पासून ती नियतकालिकांतून तुकड्यातुकड्यांनी आली, 1937 मध्ये पुस्तकरूप झाली आणि 1948 मध्ये तिला अखेरचे रूप लाभले. कादंबरीत गावाचे नाव नाही. परंतु लेखक ज्या ताकाहान नावाच्या रियोकानात राहून लिहीत होते, ते निइगाता प्रांतातील युझावा येथे आहे. 1931 साली शिमिझु बोगदा खुला झाल्यावर तोक्योचा प्रवासी या बर्फाळ मुलखात सहज पोहोचू लागला. कथेचा आरंभ बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीने होतो, तो उगाच नव्हे.

या कृतीचे कौतुक बहुधा तिच्यातील निसर्ग, मौन आणि क्षणभंगुर सौंदर्य यांसाठी होते. 1968 च्या नोबेल पुरस्कारानंतर तर तो एक पायंडाच पडला. आमचा त्या कौतुकास विरोध नाही. पण ते पाहुण्याच्या खोलीतून केलेले कौतुक आहे, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

नायक शिमामुरा वडिलोपार्जित संपत्तीवर जगतो. पाश्चात्त्य बॅले कधीही न पाहता तो त्याविषयी लेख लिहितो. न पाहिलेल्या नृत्यावर प्रेम करणे सोयीचे असते, कारण तेथे नर्तिकेचा घाम दिसत नाही. गेशा कोमाको हिच्याकडेही तो याच नजरेने पाहतो. ती वाचलेल्या कथा-कादंबऱ्यांची टिपणे वर्षानुवर्षे ठेवते. त्यास तो 'व्यर्थ श्रम' मानतो. मद्यधुंद अवस्थेत ती त्याच्या खोलीत येते आणि घरातील माणसे जागी होण्यापूर्वी लपतछपत निघू पाहते. त्याला जे सुख आहे, ते तिच्यासाठी धास्ती आहे. खोली एकच, पण एकजण तेथे राहावयास आला आहे आणि दुसरीची तेथे उपजीविका आहे.

'चिजिमी' या तागाच्या वस्त्राचा प्रसंग आम्हांस या कादंबरीची किल्ली वाटतो. हिमप्रदेशातील मुली हिवाळाभर हे वस्त्र विणीत आणि ते बर्फावर पसरून शुभ्र केले जाई. शिमामुरा आपली जुनी वस्त्रे अजूनही तेथे शुभ्र करण्यास पाठवितो. त्या मुलींचे कष्ट तो जाणतो, त्यांविषयी हळहळतो आणि वस्त्र अंगावर घालतो. त्याची हळहळ खोटी नाही, पण तिची किंमत त्याला कधी मोजावी लागत नाही.

शेवटी चित्रपट दाखविल्या जाणाऱ्या रेशीमकोशांच्या कोठारास आग लागते आणि योको सज्जातून खाली कोसळते. कोमाको धावत जाऊन तिला उचलते. शिमामुरास गर्दी बाजूला लोटते. तो वर पाहतो, तो आकाशगंगा त्याच्यात ओतली जाते. समीक्षक येथे थबकून दाद देतात. आम्हांस मात्र वाटते की, लेखकाने येथे पाहुण्यास अखेरपर्यंत पाहुणाच ठेवून त्याचा न्याय केला आहे. एकीच्या हातात ओझे आहे, दुसऱ्याच्या डोळ्यांत तारे.

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. गादी अंथरणारे आणि ताट आणणारे हात या कादंबरीतही बहुधा पडद्याआडच राहतात. कोमाको सुंदर आहे म्हणून तिला कथा मिळाली. मुदपाकखान्यास ती मिळाली नाही. शिमामुराची मर्यादा लेखकास दिसली, पण तीतून तो स्वतः पूर्णपणे सुटला नाही.

आपल्या जुन्या घरांच्या आतिथ्याचे गोडवे आपणही गातो. ते बहुधा दिवाणखान्यात बसलेल्यांनी सांगितलेले असतात. 'युकिगुनी' पुन्हा वाचताना माजघराची आठवण झाली, तर ते वाचन व्यर्थ श्रम ठरणार नाही.