‘सुंता’, ‘संरक्षण’ आणि साठ टक्के : एका वादाची अर्थचिकित्सा

पुरुषांची सुंता केल्याने एचआयव्हीचा संसर्ग कमी होतो काय, आणि होत असल्यास शासनाने तिचा सार्वजनिक आरोग्याच्या धोरणात अंतर्भाव करावा काय, हा वाद गेली दोन दशके चालू आहे. त्यात पुराव्याची छाननी पुष्कळ झाली. तो पुरावा ज्या शब्दांतून सामान्य माणसापर्यंत पोहोचतो, त्या शब्दांची छाननी मात्र त्या मानाने थोडी झाली. वस्तुतः मतभेदाचा बराचसा भाग ‘सुंता’ आणि ‘संरक्षण’ या दोन शब्दांत दडलेला आहे.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातच मिळालेला आहे. १९९३ ते २००० या काळात पुण्यातील गुप्तरोग-चिकित्सालयांत आलेल्या २,२९८ एचआयव्हीमुक्त पुरुषांचे निरीक्षण करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सुंता झालेल्यांचा धोका न झालेल्यांच्या ०.१५ पट आढळला. परंतु सुंता झालेल्यांची संख्या थोडी असल्यामुळे या अंकाची विश्वासमर्यादा ०.०४ ते ०.६२ इतकी विस्तृत होती. उपदंश, परमा आणि जननेंद्रियांचा हर्पीज यांच्या बाबतीत मात्र असा फरक दिसला नाही. संशोधकांचा युक्तिवाद असा की, हा फरक केवळ वर्तनातील असता तर तो या रोगांतही दिसला असता. म्हणून त्याचे कारण शारीरिक असावे. युक्तिवाद मार्मिक आहे. तथापि भारतात सुंता आणि धर्म यांची इतकी सांगड आहे की, केवळ निरीक्षणातून ती दोन कारणे पूर्णपणे वेगळी काढणे दुष्कर होय.

ही उणीव आफ्रिकेतील तीन नियंत्रित प्रयोगांनी भरून काढली. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म येथील प्रयोगाचे निष्कर्ष २००५ मध्ये, तर केनियातील किसुमू आणि युगांडातील राकाई येथील निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रयोगातून ‘साठ टक्के संरक्षण’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. किसुमू येथे दोन वर्षांत शस्त्रक्रिया न झालेल्या गटात ४.२ टक्के पुरुषांना संसर्ग झाला, झालेल्या गटात २.१ टक्के. धोका निम्म्यावर आला असे म्हणता येते; शंभरांमागे सुमारे दोन माणसे वाचली असेही म्हणता येते. दोन्ही विधाने सत्य आहेत. पुरस्कर्ते पहिले विधान पुढे करतात, विरोधक दुसरे. आणि प्रत्येक पक्ष दुसऱ्यावर फसवणुकीचा आरोप करतो. परंतु विरोधकांनी हेही विसरता कामा नये की, दोन वर्षांचा तो फरक वर्षानुवर्षे साचत जातो. उलट पुरस्कर्त्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे की, प्रमाण तेच राहिले तरी लाभ स्थळानुसार बदलतो. भारतातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. तेथे धोका निम्मा होणे आणि किसुमूत निम्मा होणे या समान घटना नव्हेत.

याहून गंभीर दोष ‘संरक्षण’ या शब्दाच्या वाक्यरचनेत आहे. हे नाम कर्माची अपेक्षा करते : संरक्षण कोणाचे? प्रयोगांचे उत्तर स्पष्ट होते — स्त्रीकडून होणाऱ्या संसर्गापासून पुरुषाचे, आणि तेही अंशतः. राकाई येथेच, आधीच संसर्ग झालेल्या पुरुषांवर शस्त्रक्रिया केल्यास त्यांच्या पत्नींचा धोका कमी होतो काय, हे तपासण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तसा लाभ आढळला नाही. ‘सुंतेमुळे एचआयव्हीपासून संरक्षण मिळते’ या वाक्यात ही पत्नी कोठेच नाही. वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. आणि आरोग्याच्या बाबतीत असे अपुरेपण घातक ठरू शकते.

आता ‘सुंता’ या शब्दाकडे वळावे. तो अरबी ‘सुन्नत’वरून आला आहे; त्याचा मूळ अर्थ रीत, परिपाठ असा आहे. पनवेल-अलिबागच्या पट्ट्यात शतकानुशतके राहिलेल्या मराठीभाषी बेने इस्राएल समाजात हाच विधी मुलाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी होतो; त्याच्या ‘ब्रीत’ या हिब्रू नावाचा अर्थ करार असा आहे. म्हणजे दोन्ही शब्द छेदाला नव्हे, तर नात्याला नाव देतात. त्यातच मराठी ऐतिहासिक कथनांनी ‘सुंता’ हा शब्द सक्तीच्या धर्मांतराच्या स्मृतीशी जोडला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ही शस्त्रक्रिया इतर उपायांना पूरक म्हणून, मुख्यत्वे पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील देशांसाठी स्वीकारली. पुढे तिच्यासाठी जी संज्ञा रूढ झाली ती मराठीत ‘स्वेच्छा वैद्यकीय पुरुष-सुंता’ अशी होईल. विशेषणे नामाला धुऊन काढू पाहतात. मराठीत नाम धुतले जात नाही. ‘अग्रत्वचा काढण्याची शस्त्रक्रिया’ असे साधे वर्णन लांबट खरे. पण ते ऐकणाऱ्याला आपला धर्म विचारीत नाही.

या चर्चेची कसोटी जासईसारख्या गावी लागते. पनवेलहून न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या मालमोटारींच्या वाटेवरचे हे गाव. आणि मालमोटारचालक हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या विशेष लक्षाचा वर्ग आहे. दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. १९८४ च्या शेतकरी आंदोलनात ‘मोबदला’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या परिसराने प्राणांचे मोल देऊन विचारला. सरकारी भाषेतील एका शब्दाचा अर्थ किती महाग पडू शकतो, हे येथे नव्याने सांगावयास नको. अशा ठिकाणी ‘साठ टक्के संरक्षण’ एवढेच शब्द कानावर पडले, तर चालक निरोध बाजूला ठेवील आणि घरी असलेली त्याची पत्नी त्या टक्केवारीबाहेरच राहील.

भारताने ही शस्त्रक्रिया एचआयव्ही-प्रतिबंधाचा राष्ट्रव्यापी उपाय म्हणून स्वीकारलेली नाही. चाचणी, निरोध, गुप्तरोगांचे उपचार आणि २००४ पासून विनामूल्य मिळणारी विषाणुरोधक औषधे यांवरच येथील भर आहे. आजच्या प्रमाणात तो भर योग्यच म्हणावा लागेल. मात्र त्याचे समर्थन पुण्याचा पुरावा नाकारून करता येणार नाही. तसेच त्या पुराव्यातून धोरण आपोआप निष्पन्नही होत नाही. उद्या एखाद्या विशिष्ट वर्गासाठी हा प्रश्न पुन्हा उपस्थित झालाच, तर मराठी पत्रकाने चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत : लाभ कोणाला, कोणत्या संसर्गमार्गापासून, शंभरांमागे किती, आणि निरोध तरीही का हवा. या चार उत्तरांवाचून मिळालेली संमती ही कागदावरील स्वाक्षरी ठरेल. तिला समजून दिलेली संमती म्हणता येणार नाही.