संशयाचें गद्य

४ सप्टेंबर २०२२ रोजीं सेंट लुइस येथें १९ वर्षांच्या हान्स नीमननें जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनला हरविलें. दुसऱ्याच दिवशीं कार्लसननें स्पर्धा सोडली आणि २६ सप्टेंबरला निवेदन प्रसिद्ध केलें. त्याची परीक्षा आम्ही गद्यलेखन म्हणूनच करतों.

नीमननें १२ व्या व १६ व्या वर्षीं आंतरजालावरील डावांत लबाडी केल्याचें कबूल केलें होतें. तेव्हां संशय अस्वाभाविक नव्हता. पण निवेदनांत एकाही खेळीचें परीक्षण नाहीं. प्रतिस्पर्ध्याची प्रगति असामान्य, मुद्रा निश्चिंत, एवढाच आधार. आणि अधिक बोलण्यास नीमनची अनुमति हवी, असें म्हणून लेखक थांबतो. ती रिकामी जागा जमावानें अश्लील थट्टेनें भरून काढली.

डिसेंबर २०२३ मध्यें जागतिक बुद्धिबळ महासंघानें कार्लसनला सबळ कारणाविना माघारीबद्दल १०,००० युरो दंड केला. अविचारी आरोपाच्या दोषांतून मात्र मुक्त केलें. न्यायाचें समाधान झालें असेल, वाङ्मयविवेकाचें होत नाहीं. ज्याचा शब्द लाखों लोक झेलतात, त्यानें अर्धें वाक्य उच्चारलें, तर उरलेल्या अर्ध्याचेंही उत्तरदायित्व त्याच्याकडेच राहतें.