सुरूच्या खांबावरचं पान

पुण्यातला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधला. त्याच्या दर्शनी भागाची खरी शोभा लाकडात आहे. बाजीराव रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर आधी वरच्या सज्जावर आणि महिरपींवर जाते, आणि ते साहजिकच आहे. पण ज्याला स्वतः लाकूड कोरायला शिकायचंय त्याने जरा खाली बघावं. पेशवाईतल्या वाड्यांची ओळख बनलेला सुरूचा खांब, आणि त्याच्या बुडाशी कोरलेली पानं. पहिलं लाकूड कोणतं घ्यावं आणि घरात पिढीजात आलेल्या पटाश्यांचं काय करावं, हे त्या एका पानावरून जितकं कळतं तितकं मला इतर कशावरूनही कळलेलं नाही.

आधी खांबाची घडण पाहू. खाली दगडी तळखडा. त्यावर खांबाची बैठक, बैठकीवर पानांचा द्रोण. त्या द्रोणातून खांब फुगत वर येतो आणि मग सुरूच्या झाडासारखा निमुळता होत जातो. अंगावर उभ्या पन्हळी, माथ्याशी पुन्हा पानं, त्यावर हस्त आणि तुळई. हा फुगीर खांब मूळचा शाहजहानच्या काळातल्या मुघल इमारतींमधला. तिथे तो संगमरवरात आणि लाल दगडात घडला. मराठी सुतारांनी तो सागात आणला, आणि माझ्या मते याच बदलात त्याची खरी गंमत आहे. सागाच्या सोटात सगळे तंतू बुडापासून शेंड्याकडे धावतात. दगड घडवणाऱ्याला ही अडचण नसते. सुताराला मात्र प्रत्येक घाव त्या तंतूंना विचारून घालावा लागतो.

आता पानाच्या टोकाकडे पाहा. पान खांबाला बिलगून वर चढतं आणि अगदी शेवटी किंचित बाहेर वळतं. किंचितच. संगमरवरात हेच टोक आणखी बाहेर काढता आलं असतं. लाकडात तसं केलं की वळणावर तंतू आडवे तुटतात, टोकाला आधार देणारी लांब रेघ उरत नाही आणि एखाद्या धक्क्याने ते उडतं. जुन्या वाड्यांत टवके गेलेली पानं पाहिली तर बहुतेक नेमकी अशा फाजील वळणावरच मोडलेली दिसतात. म्हणजे त्या पानाचा संयम ही निव्वळ शैली नाही. कारागिराने लाकडाची ताकद कुठे संपते हे ओळखलं आणि त्या हद्दीच्या अलीकडे डौल साधला. मला तो डौल म्हणूनच इतका आवडतो.

पन्हळींमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. फुगीर खांबावर पटाशी एका दमात खालून वर नेता येत नाही. सर्वांत जाड भागापासून वरचा अर्धा भाग वरच्या दिशेने कापावा लागतो आणि खालचा अर्धा खालच्या दिशेने, म्हणजे नेहमी जाडीकडून बारीकीकडे. उलट गेलं की पटाशी तंतूंच्या आत घुसते आणि लाकूड उचकटतं. त्यामुळे प्रत्येक पन्हळीत, खांबाच्या पोटाशी, दोन दिशांनी आलेले काप एकमेकांना भेटतात. चांगल्या कामात हा सांधा दिसत नाही. बोट फिरवलं तर क्वचित जाणवतो.

सागाची जात भरड. त्याच्या वर्तुळांतली छिद्रं मोठी, अंगात तेल आणि सिलिका. तेलामुळे तो वाळवीला आणि पावसाला दाद देत नाही, सिलिकेमुळे धार लवकर मारतो. अशा लाकडात केसासारखी बारीक रेघ टिकत नाही, म्हणून वाड्यांवरची नक्षी रुंद, खोल आणि ठळक आहे. तिची बाजू समजून घ्यायची तर अगदी उलट टोकाचं काम डोळ्यांपुढे आणावं. ग्रिनलिंग गिबन्स (1648–1721) या इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेल्या कोरक्याने 1690 च्या सुमारास व्हेनिसच्या लेसचा गळपट्टा लाकडात कोरला. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. होरेस वॉलपोलने 1769 मध्ये परदेशी पाहुण्यांच्या स्वागताला तो खरोखरच गळ्यात घातला होता. त्यातली जाळी सुताइतकी बारीक आहे, कारण ते लाकूड लिंडनचं. पांढुरकं, मऊ, जवळजवळ एकजिनसी, बहुतेक सगळ्या दिशांनी सारखंच कापलं जाणारं. गिबन्सच्या हातात सागाचा सोट असता तर हा गळपट्टा झाला नसता. आणि विश्रामबागेचे खांब लिंडनचे असते तर पुण्याच्या पावसाने त्यांची केव्हाच माती केली असती.

म्हणूनच नवशिक्याने सागापासून सुरुवात करू नये, असं मी आग्रहाने सांगतो. मोह होतोच. वाडे पाडले जातात, त्यांची लाकडं जुन्या सामानाच्या बाजारात येतात, आणि शंभर वर्षं वाळलेला साग स्वस्तात हाती लागला तर कोण सोडेल? पण त्यात मोडलेले खिळे असतात, तो ठिसूळ झालेला असतो, आणि हात बसण्याआधीच धार जाते. आपल्याकडे पहिल्या कामासाठी शिवण उत्तम. फिकट, हलकी, बारीक पोताची, वाळल्यावर फारशी न वाकणारी, पटाशीला गोड. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची परंपरेने होत आली तोही हलका आणि सोपा आहे, पण कोरीव पानाची कड धरायला फार भुसभुशीत.

फळी घेताना तिचा आडवा छेद पाहा. वर्तुळाचा मध्यबिंदू, म्हणजे झाडाचा गाभा, फळीत असेल तर ती घेऊ नका, पुढे तिथूनच चीर जाते. लांबीच्या बाजूने रेघा सरळ हव्यात, गाठ नको. मग दुकानातच पटाशीने कोपऱ्यावरून एक ढलपी काढा. ती अखंड, गुंडाळत सुटली आणि खालचा काप चकाकला तर ती फळी तुमची.

आता हत्यारं. माझ्यापुढे गोल धारेची एक जुनी पटाशी आहे. मुठीचं टोक हातोडीच्या मारांनी फुलासारखं पसरलंय आणि पातं धार लावून लावून निम्म्यावर आलंय. धारेच्या उतारावर उजेड पाडला की दोन धातू दिसतात: मागे मळकट, मऊ लोखंड, आणि अगदी टोकाशी पोलादाची पातळ चकाकती रेघ. पोलाद महाग होतं तेव्हा लोहार तेवढाच पत्रा लोखंडावर तापवून जोडत. म्हणून अशी पटाशी ग्राइंडरवर धरणं हा गुन्हा आहे. धार निळी पडली की लोहाराने दिलेलं पाणी उतरलं, आणि त्या पातळ थरातून फिरून देण्याइतकं पोलाद शिल्लक नसतं. निसण्यावर, पाण्याने किंवा तेलाने, सावकाश. आतली खोलगट बाजू विसरू नका. तिथे गंजाचे खळगे राहिले तर बाहेरून कितीही घासा, धार करवतीसारखी दातेरीच निघेल.

उताराचा कोनही वाचण्यासारखा असतो. या पटाशीचा उतार बोथट, तीस अंशांच्या आसपासचा आहे. ती सागात, बाभळीत राबली असणार. शिवणीसाठी तो वीस-पंचवीसवर आणावा. एकाच दिवशी नव्हे, प्रत्येक धार लावताना थोडा थोडा.

पेटीत दोन-तीनच गोल पटाश्या निघाल्या तर लगेच बाजारात धावू नये. वाड्यावरचं पान पुन्हा पाहा. पाकळीची कड ही एका पटाशीच्या धारेची गोलाई आहे. ती उभी धरून एक ठोका, मग उलटी फिरवून शेजारी दुसरा, आणि दोन्ही कमानी जिथे मिळतात तिथे टोक. नंतर तीच पटाशी आडवी धरून आतला भाग उतरता करायचा. पन्हळीची रुंदीही हत्यारानेच ठरवलेली. त्या सुतारांची नक्षी त्यांच्या पेटीतून निघाली. तुमची नक्षी तुमच्या पेटीतून निघू द्या, आजोबांनी जी गोलाई पसंत केली तिच्यात काय काय बसतं ते पाहा.

पान झालं की पॉलिश पेपर फिरवू नका. अर्धवट कामावर तर मुळीच नको, त्याचे कण लाकडात रुततात आणि पुढच्या घावाला धार खातात. पटाशीने सोडलेले लहान लहान पैलू उजेड वेगवेगळा परततात, पान त्यांच्यामुळेच जिवंत दिसतं. कितीतरी वाड्यांच्या खांबांवर ऑइलपेंटचे थर चढून हे पैलू बुजले आहेत. ते रंग उतरवण्याचं काम ज्यांच्याकडे येईल त्यांनी तारेचा ब्रश आणि घासणारी यंत्रं दूर ठेवावीत, ही माझी कळकळीची विनंती. रंग मऊ करून, लाकडी पट्टीने, रेघेच्या दिशेने तो काढता येतो. वेळ लागतो, पण त्याच्याखाली दोनशे वर्षांपूर्वीचे पटाशीचे काप अजून जसेच्या तसे असू शकतात.